राहून गेलेले डबे

घर कसं आवरायचं हे रामनाथ राऊतांना शिकवायची कोणाची टाप नव्हती. तारापूरच्या एका केमिकल कंपनीत त्यांनी उभी नोकरी स्टोअरमध्ये काढली होती. कुठल्या रॅकवर कुठला व्हॉल्व्ह हे ते झोपेतही सांगत, आणि कोणी पान्हा नेऊन परत केला नाही तर थेट त्याच्या साहेबाशी जाऊन भांडत. त्यापुढे शिरगावातलं घर म्हणजे काय मोठं काम! त्यांनी पुढच्या खोलीत तीन ढीग लावले: बोईसरला न्यायचं, कोणाला तरी द्यायचं आणि होळीत टाकायचं. पहिला ढीग लहान होता, दुसरा त्याहून लहान. तिसरा मात्र फुगत चालला होता, कारण सध्या रामनाथना सगळंच जाळून टाकावंसं वाटत होतं.

होळी तोंडावर आली होती. दरवर्षी या दिवसांत त्यांची बायको प्रेमला घर डोक्यावर घ्यायची. गाद्या उन्हात पडायच्या, माळा झाडला जायचा, आणि रामनाथ पेपर घेऊन ओट्यावर पळायचे. प्रेमलाला जाऊन आता दोन वर्षं होत आली होती. या वर्षी घर आवरायचं ते राहण्यासाठी नाही, बंद करण्यासाठी. होळीच्या आदल्या दिवशी त्यांचा मुलगा हर्षित टेम्पो घेऊन येणार होता.

याला कारण होती मागच्या दारची मोरी. जानेवारीत एका संध्याकाळी रामनाथ तिथे पाय घसरून पडले, हात खाली आला आणि मनगटाचं हाड पिचलं. कंबर अशी धरली की उठता येईना. ते तसेच ओल्या फरशीवर रात्रभर पडून राहिले. सकाळी वाडीत कामाला येणारी बुधी पंप सुरू करायला आली, तिने दारातून पाहिलं आणि आरडाओरडा केला. हर्षित बोईसरहून आला तेव्हा त्याचा चेहरा बघून रामनाथना स्वतःच्या दुखण्यापेक्षा त्याचीच काळजी वाटली होती.

हर्षित तसा शहाणा मुलगा. बापावर ओरडला नाही की रडला नाही. प्लास्टर निघालं त्या दिवशी त्याने शांतपणे सांगितलं.

"बाबा, मी तुम्हाला ओढून नेणार नाही. मला गावातलं एक नाव द्या. एक माणूस, ज्याला रोज सकाळी फोन करून मी विचारू शकेन, बाबा दिसले का. नाव असेल तर खुशाल राहा इथे. नसेल तर होळीच्या आधी आमच्याकडे चला."

अट वाजवी होती, म्हणूनच ती रामनाथना झोंबली. भांडायला जागाच ठेवली नव्हती पोराने.

जायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. प्लास्टर होतं तोवर ते हर्षितच्या फ्लॅटवर राहून आले होते. बेटेगावच्या बाजूची नवी इमारत, चौथा मजला. सून किंजल चांगली मुलगी होती, हातात ताट आणून द्यायची, पाय दुखतात का विचारायची. पण रात्री कंपन्यांचा वास खिडकीतून आत यायचा, समोरच्या दाराला सदानकदा कुलूप असायचं, आणि रामनाथ सोफ्याच्या कडेला बसून राहायचे. आपण पाहुणे आहोत असं त्यांना वाटायचं. पाहुण्याला निदान परतीचा दिवस ठरलेला असतो.

तर प्रश्न फक्त एका नावाचा होता, आणि ज्या आळीत जन्म गेला तिथे ते एक नाव सापडत नव्हतं. बुधीचं सांगावं तर ती शिमग्याला डोंगरातल्या तिच्या पाड्यावर जाणार, आणि तिथून घरचे सगळे कामाला बाहेर पडले की पावसापर्यंत फिरकणार नाही. आळीतल्या कृष्णकांतचं सांगावं तर तो वर्षभरात ओट्यावर आलेला नाही. आधी रोज संध्याकाळी येऊन बसायचा, चहा ढोसायचा, दुनियेची निंदा करायचा. एकाएकी यायचा थांबला. बाकीची आळीही तशीच. प्रेमला गेल्यावर सुरुवातीला सगळ्यांनी जीव लावला. आज एकीकडून आमटी, उद्या दुसरीकडून बोंबलाचं कालवण, कोणाकडून तांदळाच्या भाकऱ्या. मग हळूहळू एकेक घर गप्प झालं. बायको होती म्हणून माणसं होती, असा हिशेब रामनाथनी मनाशी केला होता. त्या हिशेबाने ते आतून कडू होऊन गेले होते. रस्त्यात कोणी "बरं हाय ना?" विचारलं तर "बरं हाय" एवढंच म्हणून पुढे जायचे.

माळा त्यांनी शेवटी ठेवला होता. पिचलेल्या मनगटाने शिडी चढायची नाही अशी किंजलची ताकीद होती, म्हणून ते साहजिकच चढले. वर एक जुनी पेटी, फुटका रेडिओ, हर्षितची सायकल, आणि कोपऱ्यात तोंड बांधलेल्या दोन गोण्या. गोण्या खाली ओढल्या तशा आतून खणखणाट झाला.

काय आहे ते त्यांना उघडायच्या आधीच माहीत होतं. कडीचे डबे, झाकणाचे टोप, वाडगे, एक पितळी सट. सगळी लख्ख घासलेली, कोरडी करून एकात एक बसवलेली. प्रत्येकावर नाव कोरलेलं होतं, आणि त्यांतलं एकही नाव राऊतांचं नव्हतं. ही त्याच आमटीची आणि कालवणाची भांडी होती.

ती घरात राहून गेली त्याला रामनाथांच्या मते भक्कम कारण होतं. या आळीत शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करत नाहीत. प्रेमलाने तो कधी केला नव्हता. डबा आला की दोन दिवसांत काहीतरी भरून परत जायचा, आणि पुढच्या आठवड्यात तोच डबा पुन्हा यायचा. रामनाथनी हे आयुष्यभर पेपरच्या वरून पाहिलं होतं. तेव्हा प्रेमला गेल्यावर पहिला डबा आला, तो त्यांनी खाऊन, घासून, पुसून ठेवला आणि विचार केला, यात काय भरायचं? त्यांना चहा आणि खिचडी यापलीकडे काही येत नव्हतं. दुसऱ्याच्या घरी खिचडी काय पाठवायची? काहीतरी बरं जमलं की देऊ, असं म्हणत दुसरा डबा आला, तिसरा आला. किंजलला एखाद्या रविवारी काही करायला सांगावं असं खूपदा मनात आलं, पण सुट्टीच्या दिवशी सुनेला चुलीपुढे उभं करायची लाज वाटली. नंतर तर इतके दिवस झाले की डबे डोळ्यांसमोर नकोसे वाटू लागले, आणि त्यांनी ते गोणीत भरून माळ्यावर टाकले. कंपनीत दुसऱ्याचा पान्हा अडकवणाऱ्याला ज्या माणसाने कधी सोडलं नाही, त्याच्या माळ्यावर अख्ख्या आळीची भांडी होती.

किंजलने व्हिडिओ कॉल केला तेव्हा ते त्या पसाऱ्यात बसले होते. काय न्यायचं काय नाही हे ती फोनवरून बघत होती. एवढी भांडी बघून ती म्हणाली की फ्लॅटमध्ये जागा नाही, भंगारवाला स्टीलचे बरे पैसे देतो. रामनाथ असे काही उखडले की बिचारी दचकलीच. लोकांची वस्तू आहे, भंगारात काय घालतेस, म्हणाले. मग देऊन टाका ना परत, ती म्हणाली. रिकामे कसे देऊ, रामनाथ म्हणाले. मग पेढे भरून द्या, त्यात काय, ती म्हणाली.

सुनेच्या सल्ल्यावर चालायची सवय नव्हती, म्हणून रामनाथनी आधी शिरा करून पाहिला. रवा इतका करपला की कढई होळीच्या ढिगात गेली. दुसऱ्या दिवशी ते मुकाट एसटीने पालघरला गेले आणि स्टेशनजवळच्या दुकानातून पेढे घेऊन आले.

आणि डब्यांत पेढे भरता भरता त्यांच्या मनात भलतीच आशा उभी राहिली. दारोदार जायचंच आहे, तर कुठेतरी बोलता बोलता विचारता येईल. बाबा रे, हर्षितचा फोन उचलशील का सकाळी? एवढंच तर विचारायचं होतं. त्यांनी इस्त्रीचा सदरा काढला, दाढी केली आणि डब्यांची पिशवी घेऊन बाहेर पडले. आंब्यांना मोहोर आला होता, वाऱ्यावर त्याचा वास होता. आपल्याला बरं वाटतंय हे लक्षात येऊन त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पहिलं घर कृष्णकांतचं. तो ओट्यावर पाय पसरून बसला होता, रामनाथना बघून घाईने धोतर सावरून उठला. त्याच्या बायकोने डबा हातात घेतला, झाकण उघडलं आणि तिचा चेहरा फुलला. पेढे म्हटल्यावर माणूस काय समजणार? हर्षितकडे गोड बातमी आहे का, तिने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने स्वतःच जुळवलं, म्हणजे भाऊ बोईसरला चालले, त्याचे पेढे. कृष्णकांतने रामनाथच्या पाठीवर थाप मारली. बरं केलंस, म्हणाला. पोराजवळ असलेलं बरं, आपल्या वयात काय भरवसा, आमाला पण तुझी काळजीच वाटायची. घोकून ठेवलेलं वाक्य रामनाथांच्या घशातच राहिलं. ज्याला निरोप दिला जातोय त्याने आता मला ठेवून घ्या कसं म्हणायचं?

उठता उठता त्यांनी एवढंच विचारलं की तू ओट्यावर यायचा का बंद झालास. कृष्णकांत कानकोंडा झाला. बायको आत गेल्याची खात्री करून तो हळूच बोलला.

"तुज्याकडे निघालो की ही मागून बोलायची, येताना आपला डबा घेऊन या. आता ज्याची बायको गेली त्याच्याकडे डबा कसा मागायचा, सांग. दोनदा तसाच परत आलो तर हिने घर डोक्यावर घेतलं. मग मी येणंच सोडलं. डब्यासाठी कोण भांडत बसेल रोज?"

तो हसला, म्हणून रामनाथही हसले. बाहेर आल्यावर मात्र त्यांना हसू येईना. दोन घरांच्या मधे एक स्टीलचा डबा येऊन बसला होता, आणि त्याच्यापायी दोन म्हातारे वर्षभर आपापल्या ओट्यावर एकेकटे बसले होते. कृष्णकांतचा राग यायला हवा होता, तो आला नाही. स्वतःचा आला.

पुढच्या दारांमध्येही तेच झालं. पेढे बघून सगळ्यांनी तोंड गोड केलं आणि रामनाथना बोईसरला पाठवून दिलं. कोणी म्हणालं लिफ्ट हाय ना तिकडे, कोणी म्हणालं दवाखाना जवळ हाय. लोक मनापासून आनंदी होते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. पिशवी हलकी होत गेली तसा त्यांचा धीरही हलका होत गेला.

पितळी सट ज्या घरातली होती तिथे दार ज्ञानेश्वरीने उघडलं. ही त्या घरची धाकटी सून, नव्यानेच आलेली. तिने सट उलटी करून नाव वाचलं आणि पदराने पुसली. सट तिच्या सासूची होती. सासूबाई गेल्या दिवाळीच्या आधीच वारल्या. रामनाथ अंत्ययात्रेला गेले होते, मागे उभे राहून घरी आले होते. त्या दिवसांत या घरात चूल पेटली नव्हती. आळीतल्या घराघरांतून इथे जेवण आलं असणार, आणि ज्यांच्या घरात या घरची सट पडली होती त्या राऊतांकडून भाताचं शीतही आलं नव्हतं. पोरगी बसा म्हणाली, पाणी दिलं, पेढा देवापुढे ठेवला. तिने काही ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं, असं रामनाथना वाटलं. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ते निघाले.

घरी आले तेव्हा ऊन उतरत होतं. तिन्ही ढीग तसेच होते. ते खुर्चीत बसले आणि हर्षितला फोन लावायला घेतला. ये म्हणावं, नाव नाही. पण पिशवीच्या तळाशी अजून एक डबा होता, कडीचा, छोटा. झाकणावर राहीबाई चुरींचं नाव. पेढे संपले होते.

राहीबाई म्हणजे मागच्या कुंपणापलीकडचं घर. प्रेमलाची जिवाभावाची मैत्रीण. दोघी कुंपणाच्या तारेवर कोपर टेकून तासन्‌तास बोलायच्या. प्रेमला गेल्यावर सगळ्यात जास्त दिवस डबे त्यांच्याकडूनच आले होते, आणि ते थांबल्याचं सगळ्यात जास्त लागलं होतं तेही त्यांचंच. म्हणूनच रामनाथनी हा डबा तळाशी ठेवला होता. आता भरायला काही नव्हतं आणि भरायची उमेदही नव्हती. नाहीतरी आपण चाललोच आहोत, असं म्हणून ते आयुष्यात पहिल्यांदा रिकामा डबा घेऊन शेजाऱ्याकडे निघाले. कुंपणाची वाट मोडली होती, म्हणून रस्त्याने वळसा घालून गेले.

राहीबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी डबा घेतला, झाकण काढून आत बघितलं. रामनाथ खाली मान घालून उभे राहिले. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं, डब्यांचं, शिऱ्याचं, पेढ्यांचं. इतकं सलग ते कोणाशी कित्येक महिन्यांत बोलले नव्हते.

राहीबाईंनी ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"घरात साखर नव्हती का, भावजी?"

रामनाथना कळेना.

"चिमूटभर साखर टाकायची डब्यात, की झालं. तुमची प्रेमला धा वेळा तेच करायची. कोणाला रोज वेळ हाय करंज्या करायला? डबा रिकामा नको, एवढंच. साखर नसेल तर चार तांदूळ टाकायचे."

पेपरच्या वरून पाहिलेल्या त्या सगळ्या वर्षांत रामनाथनी डबे जाताना पाहिले होते. डब्यात काय जातं हे कधी पाहिलं नव्हतं. चहाचं सामान ज्या फळीवर असायचं तिथेच साखरेची बरणी होती. रोज सकाळ-संध्याकाळ त्यांचा हात तिच्यात जात होता. ते ओट्याच्या कडेवर बसले. 

राहीबाई सांगत राहिल्या. पहिल्यांदा त्यांना वाटलं, भाऊ दुःखात हाय, राहिला असेल डबा. दुसरा नाही आला, तिसरा नाही आला, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं की यांना आपलं जेवण नको आहे, तोंडावर सांगता येत नाही म्हणून डबे ठेवून घेतात. डबा येत नाही म्हणजे पुढे पाठवू नका, असाच आळीतल्या बायांनी अर्थ लावला होता. दुसरा काय लावणार? त्या बोलताना सुपातल्या तांदळातून बोट फिरवत होत्या. मग ते बोट थांबलं.

"एक सांगायचं राहिलं तुमाला. तुमी पडलात त्या रात्री तुमच्या मागच्या पडवीतला दिवा चालूच होता. मी झोपायला जाताना बघितला. परत उठली, तवापण चालू. मला वाटलं काहीतरी झालं. बॅटरी घेऊन कुंपणापर्यंत आलेली मी."

"मग?"

"मग परत फिरली. म्हटलं, ज्याला आपला डबा नको, त्याच्या दारात अशा वक्ताला कशाला जायचं. सकाळी बुधी ओरडली तवा समजलं." त्यांचा आवाज बारीक झाला. "तुमी हाक का नाय मारलीत, भावजी?"

रामनाथना ती रात्र आठवली. रात्रभर ते त्या फरशीवर जागेच होते. पाणी टपकत होतं, गारठ्याने दात वाजत होते. कुंपण तिथून काय लांब होतं? एक हाक पोचली असती. पण त्यांनी हाक मारलीच नव्हती.

"कोण येईल असं वाटलं नाय," ते म्हणाले.

राहीबाईंनी डोळ्याला पदर लावला. रामनाथ दुसरीकडे बघत राहिले. त्यांना भयंकर एकटं वाटलं, त्या रात्रीपेक्षाही जास्त, कारण आता त्यांना कळलं होतं की तेव्हा ते एकटे नव्हते. समोरच्या रस्त्याने पोरं होळीसाठी वाळकी झावळं ओढत नेत होती, त्यांचा गलका हळूहळू लांब गेला.

रामनाथ राऊतांनी आजवर कोणाकडे काही मागितलं नव्हतं. त्याचा त्यांना अभिमान होता. कंपनीत वाढ मागितली नाही, पोराकडे पैसा मागितला नाही, बायकोकडे पाणीसुद्धा मागावं लागलं नाही, ते आधीच यायचं. ते उठले, दोन पायऱ्या उतरले आणि राहीबाईंकडे पाठ असतानाच बोलले, कारण समोर बघून जमलं नसतं.

"वहिनी, परत कधी दिवा तसा चालू दिसला, तर याल?"

"येन," राहीबाई म्हणाल्या.

रामनाथनी मान हलवली आणि चालू लागले. घरी पोचताच त्यांनी हर्षितला फोन लावला. टेम्पो नको, म्हणाले, नाव मिळालं. राहीकाकू. त्या फोन उचलतील, आणि नाही उचलला तरी आपलं घर त्यांना दिसतं. हर्षितने सगळं नीट ऐकून घेतलं. त्याला राहीकाकू लहानपणापासून माहीत होत्या, त्यांच्या अंगणात तो वाढला होता. त्याचा आवाज सैल पडला. बरं झालं, म्हणाला. 

"पण बाबा," त्याने विचारलं, "त्या पडल्या तर?"

रामनाथना राहीबाईंचा नवरा जाऊन किती वर्षं झाली हे आठवावं लागलं. एकुलती एक मुलगी वाणगावला दिलेली, ती सणावारी येते. राहीबाई एकट्या राहतात हे त्यांना माहीत होतं, पण पालघरला कोर्ट आहे हे जसं माहीत असतं तसं. त्यांना एकटेपणाचा त्रास होतो का, रात्री झोप लागते का, हा विचार दोन वर्षांत एकदाही मनाला शिवला नव्हता. आपल्याला कोण विचारतं हेच ते मोजत बसले होते.

"तर मी आहे," ते म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं की ही शुद्ध थाप आहे. त्यांच्या घरात बसून राहीबाईंचं घर दिसतच नव्हतं. त्या बाजूला स्वयंपाकघराची एकच खिडकी होती. प्रेमला गेल्यावर, आता तिथून कोणाशी बोलायचंय म्हणून, त्यांनी भांड्यांचं लोखंडी कपाट स्वतःच सरकवून तिच्या तोंडाला लावलं होतं.

फोन ठेवून ते आत गेले. कपाट भरलेलं होतं, आणि एका हाताने ते तसूभर हलेना. मग त्यांनी त्यातली ताटं, पातेली, प्रेमलाचे मसाल्याचे डबे, सगळं काढून जमिनीवर मांडलं. इतके दिवस आवरलेल्या घरात पुन्हा पाऊल ठेवायला जागा उरली नाही. रिकामं कपाट खांदा लावून इंचाइंचाने ढकललं. खिडकीची कडी गंजली होती, ती बत्त्याने ठोकून उघडली.

बाहेर अंधार पडला होता. पलीकडे राहीबाईंच्या घरात दिवा लागला होता, आणि तो रोज किती वाजता मालवतो हे रामनाथना ठाऊक नव्हतं. त्यांनी स्टूल ओढून घेतलं आणि खिडकीशी बसले.